सेकंड हॅण्ड मशीन घेताय? टोकन देण्याआधी 'लॉयल्टी' बोटीचा हिशोब बघा



मागच्या आठवड्यात औरंगपुऱ्यातल्या आपल्या दुकानात एक मुलगा आला. चॅनल बघतो म्हणाला. वाळूजला कंपनीत आहे, आता नोकरी सोडून द्रोण-पत्रावळीचा धंदा टाकायचाय. खिशातून मोबाईल काढला आणि एका मशीनचा फोटो दाखवला.

"ताई, नवीन घ्यायला गेलं तर पावणेचार लाख सांगतात. हे वापरलेलं आहे, दीड लाखात देतोय. मालक म्हणतो उद्यापर्यंत टोकन द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. घेऊ का?"

दीड लाखातले नव्वद हजार त्याचे साठवलेले होते. उरलेल्यासाठी वडील एफडी मोडायला तयार होते. म्हणजे चूक झाली तर एकट्याचं नुकसान नाही, घराचं आहे.

मी घे पण म्हणाले नाही आणि नको पण म्हणाले नाही. चहा सांगितला आणि एका जुन्या बोटीची गोष्ट सांगितली. तीच गोष्ट या आठवड्याच्या व्हिडिओत आहे, पण नऊ मिनिटांत सगळं बसलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ही बोट ३२-३३ वर्षं चालली. तीन मालक बघितले. पहिल्या मालकाने तिच्यावर वर्षानुवर्षं धंदा केला. दुसऱ्याने ती धंद्यासाठी घेतलीच नव्हती. तिसरा मालक आपल्या सोलापूरचा, वालचंद हिराचंद आणि त्यांचे भागीदार. त्यांनी ती सेकंड हॅण्ड घेतली आणि चार वर्षांत ती भंगारात गेली. तरीसुद्धा त्यांच्याकडे आल्यावर ती लंडनला निघाली, तो दिवस आज देशभर साजरा होतो. हे कसं काय, ते बघू.

पहिला मालक: आधी ऑर्डर, मग बोट

बोटीचं मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनडाच्या कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीने ती इंग्लंडमधल्या बॅरो इथे बांधून घेतली. १८९० मध्ये पाण्यात उतरली, १८९१ मध्ये कामाला लागली. साधारण साडेचारशे फूट लांब, सहा हजार टनांच्या आतबाहेर, मागे दोन पंखे, वेग १६ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ३० किलोमीटर. अंगाला पांढरा रंग. पहिल्या वर्गात शंभर-सव्वाशे लोक आरामात जायचे आणि खालच्या वर्गात सहाशेच्या आसपास माणसं.

आता कंपनीचं डोकं बघा. रेल्वे कंपनीने बोट का घ्यावी? त्यांची रेल्वे कॅनडाच्या पूर्वेकडून निघून पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हरला संपत होती. पुढे नुसता समुद्र. रेल्वेला गिऱ्हाईक पाहिजे, तर समुद्रापलीकडचं गिऱ्हाईक व्हँकुव्हरपर्यंत आणून सोडणारं कोणीतरी पाहिजे. म्हणून हाँगकाँग, जपान आणि व्हँकुव्हर अशी बोटीची लाईन.

पण नुसत्या आशेवर त्यांनी बोट बांधली नाही. आधी टपालाचं सरकारी कंत्राट घेतलं. इंग्लंडची टपाल कॅनडामार्गे हाँगकाँगला न्यायची आणि त्याचे वर्षाला ६०,००० पौंड मिळणार. बोट रिकामी गेली तरी हे पैसे येणारच. या पक्क्या रकमेच्या भरवशावर एक नाही, तीन बोटी बांधल्या: एम्प्रेस ऑफ इंडिया, एम्प्रेस ऑफ जपान आणि एम्प्रेस ऑफ चायना.

त्याच्यावर प्रवाशांचं भाडं. त्याच्यावर माल, त्यातही चीन-जपानचं रेशीम. रेशीम महागडं आणि नाजूक, बाजारात लवकर पोचायला पाहिजे. व्हँकुव्हरला उतरलं की रेल्वेच्या वेगवान गाड्यांनी ते पूर्वेकडे जायचं. म्हणजे एकाच गिऱ्हाइकाकडून बोटीचं पण भाडं आणि रेल्वेचं पण.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. नवी बोट इंग्लंडहून सुएझमार्गे पॅसिफिकपर्यंत न्यायची होती. आपण नवीन टेम्पो शोरूममधून घरी आणतो तसं. ही फेरी पण त्यांनी रिकामी सोडली नाही. ६०० डॉलरमध्ये जगप्रदक्षिणा अशी जाहिरात केली आणि डिलिव्हरीच्याच फेरीत श्रीमंत प्रवासी बसवले.

छोटा हत्ती चालवणाऱ्या कोणालाही विचारा. जालन्याला माल टाकून परत येताना गाडी रिकामी आली की कमाई अर्धी होते. या लोकांनी पहिल्या दिवसापासून रिकामी फेरी ठेवली नाही. बोट चांगली होतीच, पण बोटीच्या आधी काम ठरलेलं होतं, हे जास्त महत्त्वाचं.

त्या बोटीवरचे दोन प्रवासी

१८९३ च्या जुलैमध्ये ही बोट योकोहामाहून व्हँकुव्हरला निघाली. २५ जुलैला पोचली. तिच्यावर एक तरुण संन्यासी होता, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला निघालेला. स्वामी विवेकानंद. आणि त्याच प्रवासात जमशेटजी टाटा होते. पुढे १८९८ मध्ये टाटांनी स्वामीजींना पत्र लिहिलं, त्यात या एकत्र प्रवासाची आठवण आहे. बंगळूरच्या विज्ञान संस्थेची गोष्ट सांगताना लोक नेहमी या पत्राचा उल्लेख करतात.

आपल्या विषयाला लागणारा भाग वेगळा आहे. जमशेटजी जपानमध्ये कशाला गेले होते? बोटींच्याच कामाला! मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीन-जपानला जायचं आणि त्या मार्गावर पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीचा दबदबा होता. ती म्हणेल ते भाडं. म्हणून टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी बोलणं केलं, भाड्याने बोटी घेतल्या आणि 'टाटा लाईन' सुरू केली.

पी अँड ओ ने काय केलं? भाव पाडला. आधीच्या दराच्या एका छोट्याशा भागावर माल न्यायला सुरुवात केली. ज्या गिरणीवाल्यांसाठी टाटांनी हे सगळं केलं, तेच गिऱ्हाईक स्वस्त भाडं बघून पलीकडे गेले. टाटा लाईन बंद पडली. समोर गिऱ्हाईक कमी झालं म्हणून ती बंद पडली नाही. स्पर्धकाला तोटा सोसायची ताकद जास्त होती म्हणून पडली.

हे लक्षात ठेवा. त्याच बोटीच्या आयुष्यात २६ वर्षांनी हीच गोष्ट परत येणार आहे.

विकायला का काढली?

सेकंड हॅण्ड घेताना सगळ्यात आधी हा प्रश्न. मालक विकतोय का?

एम्प्रेस ऑफ इंडियाने वीस-बावीस वर्षं पॅसिफिकवर फेऱ्या मारल्या. १९०३ मध्ये तिची एका चिनी युद्धनौकेशी टक्कर झाली, ती युद्धनौका बुडाली, ही वाचली. म्हणजे बोट मजबूत होती. पण १९१३ मध्ये कंपनीने 'एम्प्रेस ऑफ रशिया' आणि 'एम्प्रेस ऑफ एशिया' अशा दोन नव्या बोटी आणल्या. प्रत्येकी सोळा हजार टनांच्या वर. जुनीच्या जवळजवळ तिप्पट मोठ्या, आणि वेगही जास्त.

तेव्हा जुनी बोट मोडली नव्हती. तिचं काम दुसऱ्या बोटीकडे गेलं होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फोटो बघून दोन्हीतला फरक कळत नाही. मशीन एकदम चालू कंडिशनमध्ये असतं, रंग पण मारलेला असतो. आणि त्या मशीनवर जे काम चालायचं, ते काम बाजारातून निघून गेलेलं असतं.

१९१४ ला पहिलं महायुद्ध लागलं. त्या वर्षाच्या शेवटी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ही बोट घेतली, जखमी भारतीय सैनिकांसाठी हॉस्पिटल बोट म्हणून. जानेवारी १९१५ मध्ये तिचं नाव बदलून 'लॉयल्टी' झालं. इथे नफा-तोट्याचा प्रश्नच नव्हता, ते युद्धाला दिलेलं दान होतं. युद्ध संपलं तसं ते पण काम संपलं.

वालचंदांनी मग ती का घेतली?

आता तिसरा मालक. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. त्यांना त्यात रस नव्हता. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले एक माजी कारकून होते, त्यांच्याबरोबर भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पहिलं काम कुठलं, माहीत आहे? बार्शी लाईट रेल्वेचा येडशी ते तडवळे हा तुकडा. म्हणजे आपल्या धाराशिवकडचा. बोटींच्या धंद्यात उतरलेला हा माणूस समुद्रापासून इतक्या लांब, मराठवाड्याच्या मातीत रूळ टाकून धंदा शिकला.

१९१९ ला युद्ध नुकतंच संपलं होतं. जर्मन पाणबुड्यांनी युद्धात प्रचंड बोटी बुडवल्या होत्या, त्यामुळे जगभर बोटींची टंचाई. भाडी आभाळाला भिडलेली. सैनिक परत न्यायचेत, अडकलेला माल हलवायचाय, प्रवासी थांबलेत. अशा वेळी दिल्लीहून मुंबईला येताना रेल्वेच्या डब्यात वालचंदांना कळलं, की ग्वाल्हेरच्या महाराजांची लॉयल्टी विकायची आहे, असं सांगतात. त्यांनी बोट पाहिली आणि घ्यायचं ठरवलं.

एकट्याने नाही. बरोबर नरोत्तम मोरारजी होते, गिरणीमालक. किलाचंद देवचंद होते, कापसाच्या व्यापारातले. लल्लुभाई सामळदास होते, बँकिंग आणि सहकारातले. म्हणजे भांडवल, माल आणि वित्त या तिन्हीकडची माणसं. २७ मार्च १९१९ ला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. नाव ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यावरून. आणि नऊच दिवसांत, ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनच्या दिशेने निघाली. हाच ५ एप्रिल आपल्याकडे १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

आता इथे टाळ्या वाजवून व्हिडिओ संपवता आला असता. बरेच मोटिव्हेशनल व्हिडिओ इथेच संपतात. पण आपण वहीवर हिशोब मांडू.

बोट २८ वर्षांची. बांधलेली टपाल, प्रवासी आणि रेशीम जलद नेण्यासाठी. म्हणजे इंजिन वेगासाठी, जागा माणसांसाठी. जुनं इंजिन म्हणजे कोळसा जास्त, खलाशी जास्त, दुरुस्ती जास्त. पहिल्या मालकाकडे टपालाचं पक्कं उत्पन्न होतं, या मालकांकडे ते नव्हतं. पहिल्या मालकाची दोन्ही टोकाला सोय होती, एकीकडे स्वतःची रेल्वे. यांना लंडनला पोचून परतीचं काम नव्याने शोधायचं. आणि ज्या मार्गावर उतरायचं तो पी अँड ओ चा बालेकिल्ला.

शिवाय १९२०-२१ पासून जगभर बोटींची भाडी कोसळली. टंचाईत बांधायला टाकलेल्या नव्या बोटी पाण्यात आल्या आणि माल कमी पडला. चढ्या भावाच्या दिवसात केलेला हिशोब उतरत्या भावात उलटा होतो. आपल्याकडे कोविडमध्ये मास्क आणि सॅनिटायझरची मशीनं घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९२३ मध्ये लॉयल्टी मुंबईतच भंगारात निघाली.

समोरचा भाव पाडतो तेव्हा

बोटीपुरती गोष्ट इथे संपते, पण कंपनीची नाही. सिंदियाने मालवाहू बोटी घेतल्या आणि किनाऱ्याच्या व्यापारात उतरली. रंगूनचा तांदूळ, किनाऱ्यावरचा माल. इथे समोर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, जी १९१४ पासून पी अँड ओ बरोबर एकत्र होती. प्रमुख लॉर्ड इंचकेप.

त्यांच्याकडे दोन हत्यारं होती. पहिलं आपल्याला ओळखीचं: भाव पाडणे. रंगूनच्या तांदळाचं भाडं त्यांनी एकदम खाली आणलं.

दुसरं हत्यार जास्त हुशार होतं. त्याला 'डिफर्ड रिबेट' म्हणत, म्हणजे उशिरा मिळणारी सूट. समजा तुम्ही व्यापारी आहात. सहा महिने सगळा माल माझ्याच बोटीने पाठवा, तुम्ही भरलेल्या भाड्यातले साधारण दहा टक्के मी परत देईन. पण लगेच नाही. पुढचे सहा महिने पण माझ्याकडेच राहिलात तर. मध्ये एक पोतं जरी दुसऱ्याच्या बोटीने पाठवलं, तर साठलेली सगळी सूट गेली. आता सांगा, नव्या कंपनीने तुम्हाला थोडं स्वस्त भाडं दिलं तरी तुम्ही जाल का? तुमचे पैसे जुन्याकडे अडकलेत.

हे जुनं झालं असं समजू नका. वर्षाअखेरीच्या टार्गेटवर मिळणारी डिस्ट्रिब्युटर स्कीम, 'सगळा माल आमच्याकडून घ्या मग बोनस', हे त्याचंच भावंडं आहे. तुम्ही नवीन ब्रँड घेऊन दुकानदाराकडे जाता आणि तो म्हणतो "माल चांगला आहे, पण मार्चनंतर बघू". त्याला तुमचा माल आवडला नाही असं नाही. त्याची स्कीम अडकलीय. अशा दुकानदाराकडे भाव कमी करून उपयोग नाही, मार्चनंतर पहिल्या आठवड्यात परत जावं लागतं.

अशा लढाईत याआधी तुतिकोरिनच्या चिदंबरम पिळ्ळै यांची स्वदेशी बोट कंपनी बुडाली होती. १९०६ मध्ये सुरू झाली, १९११ पर्यंत गुंडाळली गेली. समोरच्या ब्रिटिश कंपनीने तिकीट इतकं उतरवलं की शेवटी फुकट प्रवास आणि वर छत्री भेट दिली, असं सांगतात. टाटा गेले, पिळ्ळै गेले. सिंदिया का टिकली?

एक तर तिच्याकडे एकाच्या खिशातला पैसा नव्हता, अनेक भागधारकांचं भांडवल होतं. दुसरं, १९२३ मध्ये तिने तह केला. दहा वर्षांचा करार झाला. अटी कडक होत्या: सिंदियाने भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनाऱ्यापुरताच धंदा करायचा, परदेशी मार्गावर यायचं नाही, आणि बोटींची एकूण क्षमता ७५,००० टनांच्या पुढे न्यायची नाही. ज्या लंडनच्या मार्गावर लॉयल्टी निघाली होती, तो मार्गच करारात सोडून दिला. त्याच वर्षी लॉयल्टी पण भंगारात गेली.

हार मानली का? तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. पण कंपनी चालू राहिली. वालचंद १९२९ पासून १९५० पर्यंत तिचे अध्यक्ष होते. त्यांनीच विशाखापट्टणमला बोटी बांधायचा कारखाना उभा केला आणि १४ मार्च १९४८ ला तिथे बांधलेली 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. हाच कारखाना पुढे हिंदुस्तान शिपयार्ड झाला. सेकंड हॅण्ड बोटीने सुरुवात केलेल्या कंपनीने २९ वर्षांनी स्वतःची बोट बांधली.

मोठं मशीन असलं म्हणजे चालतंच असं नाही

काही जण म्हणतील, लॉयल्टी जुनी आणि छोटी होती म्हणून असं झालं. मग जर्मनीच्या 'फाटरलांड' बोटीचं बघा. १९१४ मध्ये कामाला लागली तेव्हा जगातली सगळ्यात मोठी बोट. ५४,००० टन, म्हणजे आपल्या लॉयल्टीसारख्या नऊ बोटी. मे महिन्यात पहिला प्रवास, ऑगस्टमध्ये युद्ध लागलं आणि ती न्यूयॉर्कला अडकून पडली. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९१७ मध्ये अमेरिकेने ती ताब्यात घेतली, नाव ठेवलं 'लेव्हियाथन', आणि सैनिक नेले. त्या कामात ती भारी ठरली, कारण एका फेरीत हजारो माणसं जायची.

युद्धानंतर खर्च करून तिचं नूतनीकरण झालं आणि १९२३ पासून प्रवासी बोट म्हणून चालली. आणि तोट्यात गेली. जर्मन मालकांच्या योजनेत अशा तीन बोटी होत्या, म्हणजे ठराविक दिवशी दोन्ही टोकांहून बोट सुटणार. अमेरिकेकडे ही एकटीच, जोडीला बरोबरीची बोट नाही. त्यात अमेरिकेत दारूबंदी, त्यामुळे बरेच प्रवासी इंग्रजी बोटी धरायचे. १९३८ मध्ये ती पण भंगारात गेली.

ही बोट फुकटात मिळालेली होती, लक्षात घ्या. फुकट मिळालेलं मशीन पण तोट्यात जाऊ शकतं, कारण ते ज्या व्यवस्थेसाठी बनलं ती व्यवस्था त्याच्याबरोबर येत नाही.

माझी स्वतःची लॉयल्टी

दुसऱ्यांच्या चुका सांगणं सोपं असतं, म्हणून माझी सांगते. बीबीए झाल्यावर मी दुकानात बसायला लागले तेव्हा पहिल्याच वर्षी एक मोठं झेरॉक्स मशीन घेतलं. एका ऑफिसमधून निघालेलं, ६२,००० रुपयांत. मिनिटाला भराभर पानं काढायचं. मला वाटलं लॉटरी लागली.

ते मशीन एका दमात पाचशे पानं काढण्यासाठी बनलेलं. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक म्हणजे आधार कार्डची दोन पानं, मार्कशीटचं एक. प्रत्येक वेळी मशीन गरम व्हायला वेळ, लाईट बिल वाढलं, टोनर महाग, ड्रम तर विचारूच नका. मेकॅनिक महिन्यातून दोनदा. दीड वर्षात ते भंगारवाल्याला वजनावर दिलं.

वाईट वाटलं का? खूप. पण एक गोष्ट झाली होती. जून महिन्यात गाईड आणि वह्या घ्यायला येणारी पोरं तोपर्यंत आम्हाला झेरॉक्सवाले म्हणून ओळखायला लागली होती. पुढचं छोटं मशीन घेतलं तेव्हा गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. म्हणून लॉयल्टीबद्दल वाचलं तेव्हा मला वालचंदांची खरेदी मूर्खपणाची वाटली नाही. त्यांनी दारात पाय ठेवायला ती बोट वापरली आणि वेळ आली तेव्हा सोडली. माझी चूक मशीन घेण्यात कमी होती. पहिल्या सहा महिन्यांत कळलं होतं, तरी जीव लावून आणखी एक वर्ष ठेवलं, ती चूक मोठी.

टोकन देण्याआधी हे पाच प्रश्न

वही घ्या आणि लिहून काढा.

१. मालक विकतोय का? मशीन थकलंय, की त्याचं काम गेलंय? मालकाला विचाराच, पण शेजारच्या दुकानदाराला आणि मेकॅनिकला पण विचारा. खरं उत्तर बहुतेक तिथे मिळतं.

२. हे कोणत्या कामासाठी बनलं होतं? तुमचं काम तेच आहे का? मोठ्या ऑर्डरचं मशीन फुटकळ गिऱ्हाइकावर चालवलं की खर्च वाढतो.

३. पहिल्या तीन महिन्यांचं काम कुठून येणार? टपालाच्या कंत्राटासारखं एक तरी पक्कं गिऱ्हाईक हवं. नावानिशी लिहा. 'मार्केट मोठं आहे' हे उत्तर चालणार नाही.

४. चालवायचा खर्च किती? उदाहरण घ्या. जुनं मशीन ८०,००० ला, नवीन १,६०,००० ला. ८०,००० वाचले असं वाटतं. पण जुन्याला एका कॉपीला ४५ पैसे लागतात, नव्याला ३० पैसे. महिन्याला १५,००० कॉपी निघाल्या तर २,२५० रुपये जास्त. मेकॅनिकचे महिन्याला १,५०० जास्त धरा. झाले ३,७५०. म्हणजे वाचलेले ८०,००० साधारण २१ महिन्यांत संपले. त्यापुढे जुनं मशीन महाग. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमचे स्वतःचे टाका. हाच हिशोब उलटा पण सांगतो: तुमचं काम महिन्याला ३,००० कॉपीचंच असेल, तर जुनंच परवडेल.

५. कधी सोडायचं? घेतानाच तारीख किंवा आकडा लिहा. 'सलग तीन महिने दुरुस्ती अमुक रुपयांच्या वर गेली की विकणार.' नंतर ठरवायला गेलं की मन आडवं येतं.

आणि एक सहावी गोष्ट, प्रश्न नाही पण लिहून ठेवा. समोरच्याने भाव अर्धा केला तर तुम्ही किती महिने तग धराल? मशीन घेताना सगळी एफडी मोडली तर उत्तर शून्य येतं. दीड लाखाचं मशीन घ्यायचं असेल तर खेळतं भांडवल वेगळं ठेवा, नाहीतर मशीन घेऊ नका.

त्या मुलाचं काय झालं?

त्याने टोकन दिलं नाही. आधी चौकशी केली. मशीन चांगलं होतं, दोन तास चालवून बघितलं. पण कळलं असं, की त्या मालकाचा बहुतेक माल एकाच केटररला जायचा आणि त्या केटररने स्वतःचंच मशीन टाकलंय. म्हणजे मशीन दीड लाखात मिळणार होतं, पण त्याच्याबरोबरची ऑर्डर मिळणार नव्हती.

दोन दिवसांनी फोन आला. "ताई, मशीन अजून विकलं गेलं नाही. दुसरं गिऱ्हाईक कोणी नव्हतंच." आता तो सुट्टीच्या दिवशी मंगल कार्यालयं आणि नाश्त्याच्या गाड्या फिरतोय, वहीत नावं लिहितोय. तीन पक्की गिऱ्हाइकं झाली की त्याच मशीनसाठी परत जाणार आहे, आणि तेव्हा भाव तो सांगणार.

तुम्ही पण असं काही घेण्याच्या विचारात असाल, तर कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: मशीन कोणतं, किंमत किती आणि पहिलं गिऱ्हाईक कोण. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर ते पण तसंच लिहा, लाजू नका. पुढच्या रविवारी लाईव्हमध्ये त्यातले काही हिशोब आपण फळ्यावर मांडू.

चला, दुकानात गिऱ्हाईक आलंय. भेटू!